तारेचे कुंपण, कागदाचे कुंपण : विस्मृतीतले गाउचोपट आणि आपले ढोरकी

१/ शालेय भूगोलात गवताळ प्रदेशांची एक यादी असते : प्रेअरी, स्टेप, पंपास, व्हेल्ड, डाउन्स. परीक्षेपुरती ती पाठ होते आणि पुढे विसरली जाते. यांपैकी प्रेअरीवरचा काउबॉय चित्रपटांतून जगभर पोहोचला. पंपासवरचा घोडेस्वार, म्हणजे गाउचो, मात्र आपल्यापर्यंत क्वचितच आला. त्याच्यावरही वेस्टर्न धाटणीचे उत्तम चित्रपट निघाले आणि त्यांतले बरेचसे आज विस्मृतीत आहेत. हा थ्रेड त्या चित्रपटांवर आहे. ते पाहताना भंडारा जिल्ह्यातल्या बपेरा या गावाविषयी जे प्रश्न मला पडले, त्यांच्यावरही आहे.

२/ आधी गाउचो कोण, ते पाहू. स्पॅनिश वसाहतवाद्यांनी आणलेली गुरे आणि घोडे आजच्या अर्जेंटिना-उरुग्वेच्या सपाट गवताळ भूमीवर मोकाट सुटले आणि अफाट वाढले. सतराव्या-अठराव्या शतकांत या रानटी गुरांची शिकार करून कातडी विकणारा, बहुधा मिश्र रक्ताचा, घोड्यावरच राहणारा एक वर्ग तयार झाला. कमरेला लांब सुरा, अंगावर पोंचो, हातात बोलेआदोरास. दोरीच्या टोकांना दगडी गोळे बांधलेले हे फेकण्याचे हत्यार त्याने तिथल्या मूलनिवासींकडून घेतले होते. ‘गाउचो’ हा शब्द क्वेचुआ भाषेतल्या ‘अनाथ’ या अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असे एक मत आहे.

३/ या माणसाचे स्वातंत्र्य एका साध्या गोष्टीवर उभे होते : गवताला आणि गुरांना मालक नव्हता. एकोणिसाव्या शतकात तो आला. प्रथम खारवलेल्या मांसाचे कारखाने निघाले. त्यांचा माल क्यूबा आणि ब्राझीलमधल्या गुलामांच्या जेवणासाठी जाई. १८४५ मध्ये रिचर्ड न्यूटन या इंग्रज जमीनदाराने पंपासवर पहिले तारेचे कुंपण घातले. १८६५ मध्ये ब्वेनोस आयरेस प्रांताची ग्रामीण संहिता आली. ज्याला मालक नाही आणि ठावठिकाणा नाही, तो तिच्या लेखी ‘भटक्या’ ठरे, आणि भटक्याला पकडून सरहद्दीवरच्या फौजेत पाठवता येई. १८७६ मध्ये ‘ला फ्रिगोरिफिक’ हे शीतगृह असलेले जहाज ब्वेनोस आयरेसला पोहोचले. पुढे ताजे मांस युरोपला जाऊ लागले आणि गुरांच्या प्रत्येक डोक्याची किंमत वाढली. मोकाट गुरे आणि मोकाट माणूस, दोघांचेही दिवस भरले.

४/ गाउचोपटांतल्या जवळजवळ प्रत्येक कथेचे मूळ इथे आहे. होसे एर्नांदेस या पत्रकार-राजकारण्याने १८७२ मध्ये ‘मार्तिन फिएर्रो’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. त्याचा नायक घरदार असलेला साधा गाउचो आहे. त्याला सक्तीने सरहद्दीच्या किल्ल्यावर नेतात. तिथे पगार नाही, छळ मात्र आहे. तो पळून येतो, तर घर उद्ध्वस्त आणि कुटुंब परागंदा. मग तो कायद्याबाहेरचा माणूस होतो. त्याला पकडायला आलेल्या शिपायांतला क्रूझ त्याचे शौर्य पाहून त्याच्या बाजूने लढतो आणि दोघे मूलनिवासींच्या मुलखात निघून जातात. १८७९ च्या दुसऱ्या भागात फिएर्रो परततो तो बराचसा निवळलेला, मुलांना उपदेश करणारा.

५/ दुसरी कथा खऱ्या माणसाची. ख्वान मोरेरा हा गाउचो १८७४ मध्ये पोलिसांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. एदुआर्दो गुतिएर्रेझने वर्तमानपत्रात त्याच्यावर क्रमशः कादंबरी लिहिली आणि १८८४ मध्ये पोदेस्ता कुटुंबाने ती कथा सर्कशीच्या रिंगणात मूकनाट्य म्हणून उभी केली. खरे घोडे, खरी झुंज. अर्जेंटिनाच्या रंगभूमीचा इतिहास सांगताना अनेक जण या प्रयोगापासून सुरुवात करतात. म्हणजे पडद्यावर येण्यापूर्वी गाउचो काव्यात, वर्तमानपत्रात आणि लोकरंजनाच्या रिंगणात येऊन गेला होता. चित्रपटाला तो आयता मिळाला.

६/ पहिला मोठा चित्रपट ‘नोब्लेसा गाउचा’, १९१५ चा मूकपट. जमीनदार एका गाउचोच्या प्रेयसीला पळवून ब्वेनोस आयरेसच्या वाड्यात नेतो. गाउचो आपल्या इटालियन मित्रासह तिला सोडवतो. सूड म्हणून जमीनदार त्याच्यावर गुरे चोरल्याचा खोटा आळ घेतो. पडद्यावरच्या मजकुरासाठी ‘मार्तिन फिएर्रो’तल्या ओळी वापरल्या होत्या आणि प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. ‘गुरे चोरल्याचा आळ’ हा तपशील लक्षात ठेवा. जे जनावर पूर्वी कोणाचेच नव्हते, ते आता चोरता येऊ लागले होते.

७/ हॉलिवूडचा पहिला गाजलेला गाउचो म्हणजे १९२७ च्या ‘द गाउचो’मधला डग्लस फेअरबँक्स. दिग्दर्शक एफ. रिचर्ड जोन्स, नायिका लुपे व्हेलेझ. मेरी पिकफर्ड कुमारी मेरीच्या रूपात क्षणभर दर्शन देते. कथा अँडीज पर्वतातल्या एका तीर्थनगरीची, म्हणजे पंपासपासून पुष्कळ दूर. इतिहास म्हणून त्याचे मोल फार नाही. पण बोलेआदोरास फिरवणारा, हसत हसत छपरांवरून उड्या मारणारा हा गाउचो आजही बघवत राहतो. जुलमी सत्ताधाऱ्याविरुद्ध उभा राहणारा पुंड हा फेअरबँक्सचा ठरलेला साचा. त्याने गाउचोला त्या साच्यात बसवले.

८/ या फेअरबँक्सची सावली मराठी मुलखावरही पडली होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळातले मोठे साहसी नट. त्यांना ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हटले जाई. तलवारबाजी, घोडदौड, उड्या हे त्यांचे बळ. १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायकही तेच. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले आणि त्यांतले अगदी मोजकेच आज शिल्लक आहेत. आपल्या घोडेस्वारांचे बहुतेक चित्रपट विस्मृतीत गेले असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण ते पाहताच येत नाहीत. हे आठवले की शंभर वर्षांपूर्वीचा ‘नोब्लेसा गाउचा’ अजून पाहता येतो, याचा थोडा हेवा वाटतो.

९/ आता अर्जेंटिनाच्या बोलपटांकडे. १९४२ चा ‘ला गेर्रा गाउचा’, दिग्दर्शक लुकास देमारे. काळ १८१७, स्थळ उत्तरेकडचा साल्ता प्रांत. मार्तिन मिगेल दे ग्वेमेस या नेत्याच्या अनियमित घोडेस्वार टोळ्या स्पेनच्या राजनिष्ठ सैन्याला जेरीस आणतात. समोरासमोर लढाई नाही. वाट अडवायची, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा. मराठी वाचकाला ‘गनिमी कावा’ हा शब्द सुचवावा लागू नये.

१०/ १८१७ हे साल आपल्याही ओळखीचे आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसले हरले आणि नागपूरचे राज्य इंग्रजांच्या मुठीत आले. त्याच मोहिमेत इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बंदोबस्त केला. पेंढारीही अनियमित घोडेस्वारच. त्यांनी गावे लुटली आणि माणसे छळली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण साल्ताचे गाउचोही लुटीवाचून जगत नव्हते. तिथे अनियमित घोडेस्वार विजयी पक्षात होते, म्हणून राष्ट्रवीर झाले. इथे ते पराभूत पक्षात होते, म्हणून त्यांचे नाव लुटारूंसाठीचे सामान्यनाम झाले. त्यांचे वर्तन आणि त्यांची कीर्ती या दोन गोष्टींचा इतिहास वेगवेगळा लिहावा लागतो. पदव्युत्तर वर्गात हे वाक्य मी वाचले होते. पटले ते हा चित्रपट पाहताना.

११/ माझा सर्वांत आवडता गाउचोपट मात्र ‘पाम्पा बार्बारा’, १९४५; दिग्दर्शक लुकास देमारे आणि उगो फ्रेगोनेसे. सरहद्दीवरच्या किल्ल्यातले शिपाई पळून मूलनिवासींना मिळत आहेत, कारण किल्ल्यात बायका नाहीत. म्हणून सेनाधिकारी ब्वेनोस आयरेसमधून स्त्रियांना सक्तीने उचलून आणतो. गाड्यांची ती रांग, क्षितिजापर्यंतचे गवत आणि त्या स्त्रियांचे चेहरे. सक्तीने धरून आणलेल्या पुरुषांना जखडण्यासाठी सक्तीने धरून आणलेल्या बायका. राज्य सरहद्द कशी ‘वसवते’ हे इतक्या उघडपणे दाखवणारा अमेरिकन वेस्टर्न मी पाहिलेला नाही. फ्रेगोनेसेने १९६६ मध्ये हीच कथा रॉबर्ट टेलरला घेऊन ‘सॅव्हेज पाम्पास’ या नावाने इंग्रजीत पुन्हा केली. चित्रीकरण स्पेनमध्ये झाले. तो चित्रपट दुय्यम आहे, पण मूळ पाहिल्यावर तुलनेसाठी जरूर पाहावा.

१२/ या चित्रपटांची मोठी उणीवही सांगायला हवी. मूलनिवासी माणूस त्यांत बहुधा धुळीच्या लोटातून येणारा हल्ला एवढाच असतो. त्याला नाव नसते, घर नसते. प्रत्यक्षात १८७९ मध्ये जनरल रोकाच्या मोहिमेने पंपासच्या दक्षिणेकडचा मुलूख मूलनिवासींकडून हिसकावला आणि ती जमीन मोठ्या जमीनदारांकडे गेली. त्या सरहद्दीवर लढायला धरून नेलेला शिपाई पुष्कळदा गाउचोच होता. ज्याची भूमी गेली, त्याच्याच हातून दुसऱ्याची भूमी घेतली गेली. गाउचोबद्दल करुणा वाटताना हे विसरू नये.

१३/ आता हॉलिवूडचा सर्वांत गंभीर आणि सर्वांत दुर्लक्षित प्रयत्न : ‘वे ऑफ अ गाउचो’, १९५२. दिग्दर्शक जाक तुर्नर, ज्यांचे ‘कॅट पीपल’ आणि ‘आउट ऑफ द पास्ट’ अभ्यासक आदराने पाहतात. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा अर्जेंटिनातला नफा पेरोन सरकारच्या चलननिर्बंधांमुळे देशाबाहेर नेता येत नव्हता. तो पैसा तिथेच खर्च करण्यासाठी कंपनीने हा चित्रपट अर्जेंटिनात केला. म्हणजे आधी अडकलेले पेसो होते आणि मग कथा. पण त्यामुळे खरे पंपास रंगीत चित्रफितीवर आले, हा आपला लाभ.

१४/ कथा १८७० च्या दशकातली. मार्तिन पेन्यालोसा (रोरी कॅल्हून) द्वंद्वात एकाला मारतो. तुरुंगाऐवजी त्याला सैन्यात जाण्याची मुभा मिळते. मेजर सालिनास (रिचर्ड बून) त्याला शिस्त लावू पाहतो. मार्तिन पळतो, नाव बदलतो, माणसे जमवतो आणि गवतातून येणाऱ्या रेल्वेला विरोध करू लागतो. मध्ये तेरेसा (जीन टिअर्नी) येते. शेवटी तिच्यासाठी आणि होणाऱ्या बाळासाठी तो स्वतःला कायद्याच्या हवाली करतो.

१५/ नेहमीच्या वेस्टर्नशी याची तुलना करा. तिथे नायक बहुधा कायदा घेऊन येतो : शेरीफचा बिल्ला, रेल्वे, शाळा, चर्च. इथे तेच सर्व नायकाच्या विरुद्ध उभे आहे. आणि सालिनास दुष्टही नाही. तो ताठ, प्रामाणिक आणि स्वतःच्या कर्तव्यावर निष्ठा असलेला आहे. तुर्नर दोघांनाही न्याय देतात, त्यामुळे शेवट सुखाचा असूनही घशात अडकतो. मार्तिनला पत्नी मिळते, मूल मिळते, माफीची आशा मिळते. गवत मात्र परत मिळत नाही. पुढे तो काय काम करील, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो विचारायचा असतो.

१६/ हा चित्रपट मी दिवाळीच्या सुट्टीत बपेऱ्यात पाहिला. बपेरा तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत. धानाचा मुलूख; मराठी, हिंदी आणि पोवारी कानावर पडत राहते. शेजारचे आबाजी ओसरीवर येऊन बसले. तरुणपणी त्यांनी गावाची ढोरे चारली. पडद्यावर गुरांचा प्रचंड कळप धावत होता आणि स्वार ओरडत होते. आबाजींनी घोड्यांकडे किंवा नायकाकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “बाई, एवढे ढोरं कोनाचे?”

१७/ मी कितीतरी लेख वाचून ज्या प्रश्नापर्यंत पोहोचले असते, तो त्यांनी एका दमात विचारला. पंपासचा सगळा इतिहास या चार शब्दांत आहे. आधी ढोरे कोणाचीच नव्हती, मग राजाच्या परवान्याची झाली, मग डागणी केलेल्या जमीनदाराची. मालकी बदलत गेली तसा तोच माणूस शिकारी, मजूर आणि चोर ठरत गेला. आबाजींच्या व्यवसायात मात्र पहिली पायरीच नव्हती. आपल्याकडचा ढोरकी दुसऱ्याच्या गुरांचाच राखणदार.

१८/ त्या कामाची रीत अशी. सकाळी घराघरातली जनावरे गावाबाहेरच्या आखरावर जमायची. ढोरकी त्यांना रानात नेई, संध्याकाळी परत आणी. मोबदला म्हणून जनावरामागे वर्षाकाठी ठरलेले धान. पूर्व विदर्भात हे काम परंपरेने गोवारी समाजाकडे. बलिप्रतिपदेला गायगोधनाचा दिवस येतो. गोवारी ढाल घेऊन नाचतात, सजवलेली गुरे खेळवली जातात आणि वर्षभर रानात असणारा माणूस त्या दिवशी गावाच्या मधोमध असतो. गाउचोसारखा घोडा नाही, सुरा नाही. हातात काठी आणि जिभेवर प्रत्येक जनावराचे नाव.

१९/ आपल्याकडे तारेचे कुंपण फारसे आले नाही. कागदाचे आले. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे आणि दंड भरून सोडवायचे. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात शिरलेल्या गुरांनाही याच कायद्याखाली आणले. गावाबाहेरच्या पडक्या कोंडवाड्याकडे आपण गंमतीने पाहतो. ‘मार्तिन फिएर्रो’ १८७२ चे. एका वर्षाच्या अंतराने, पृथ्वीच्या दोन बाजूंना, चरणाऱ्या जनावराची वाट हा कायद्याचा विषय झाला होता. एका बाजूला त्यावर महाकाव्य लिहिले गेले.

२०/ भंडाऱ्याची पुढची गोष्ट आणखी कागदी आहे. मालगुजारीच्या काळात गावकऱ्यांना रानातून चराई, सरपण, कुंपणाचा काटा घेण्याचे रिवाजी हक्क होते. त्यांना ‘निस्तार’ म्हणत. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि तलाव, पडीक, झुडपांचे रान सरकारजमा झाले. चराईच्या खुरट्या रानाची महसुली नोंद होती ‘झुडपी जंगल’. १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, तेव्हा ही नोंदही बरोबर आली. नोंदीत ‘जंगल’ हा शब्द होता. मग हे रान महसुलाचे की वनखात्याचे, हा वाद सुरू झाला आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तो अधिकच गुंतागुंतीचा झाला.

२१/ पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधल्या अशा सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानायचे, असा निर्णय दिला. जंगल राखले जाणे चांगलेच आहे, आणि चराईमुळे रान उजाड होते हा युक्तिवादही पोकळ नाही. पण इतिहास एवढे विचारतोच : ज्या नोंदीने या रानाला नाव दिले, तिने त्यात रोज जाणाऱ्या माणसाला कुठे नाव दिले होते?

२२/ नावाचा प्रश्न गोवाऱ्यांच्या बाबतीत शब्दशः खरा आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली ‘गोंड गोवारी’ असा उल्लेख आहे. गोवारी समाजाचे म्हणणे असे की, अशी वेगळी जमात नव्हतीच. तो उल्लेख आपलाच आहे. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने त्यांना या नोंदीबाहेर ठेवले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हजारो गोवारी नागपूरला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, विधानभवनावर मोर्चा घेऊन गेले. लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे मेली. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती.

२३/ १९९५ मध्ये त्यांना विशेष मागास प्रवर्गात जागा मिळाली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीचा अर्थ न्यायालयाला असा बदलता येत नाही, हा त्यामागचा विचार. नागपुरात गोवारी शहिदांचे स्मारक आहे, त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. तिथून १८१७ च्या लढाईची सीताबर्डीची टेकडी जवळच आहे. उड्डाणपुलावरून जाणाऱ्या माझ्या वयाच्या किती जणांना ‘गोवारी’ म्हणजे कोण हे ठाऊक असते?

२४/ अर्जेंटिनातही आधी मरण आणि मग स्मारक, हाच क्रम होता. गाउचो संपल्यावरच तो राष्ट्राचे प्रतीक झाला. १९१३ मध्ये कवी लेओपोल्दो लुगोनेसने ब्वेनोस आयरेसमध्ये व्याख्याने देऊन ‘मार्तिन फिएर्रो’ला राष्ट्रीय महाकाव्याच्या आसनावर बसवले. श्रोत्यांत मोठमोठी माणसे होती. त्या काळी युरोपातून आलेल्या स्थलांतरित मजुरांनी शहर भरले होते आणि उच्चवर्गाला ‘अस्सल’ अर्जेंटिनी माणूस हवा होता. ज्याला त्यांच्या वडिलांनी भटक्या म्हणून धरून नेले, त्यालाच मुलांनी देव्हाऱ्यात ठेवले. एर्नांदेसचा जन्मदिवस, १० नोव्हेंबर, तिथे आज ‘परंपरा दिन’ म्हणून साजरा होतो.

२५/ तरीही तिथल्या चित्रपटांनी देव्हाऱ्यातल्या या मूर्तीला पुन्हा रक्तामांसाची केले. लेओपोल्दो तोर्रे निल्सनचा ‘मार्तिन फिएर्रो’ १९६८ चा. लेओनार्दो फावियोचा ‘ख्वान मोरेरा’ मे १९७३ मध्ये, लष्करी राजवट संपून निवडून आलेले सरकार येण्याच्या उंबरठ्यावर प्रदर्शित झाला. फावियोचा मोरेरा निर्मळ वीर नाही. राजकारणी त्याला भाड्याचा गुंड म्हणून वापरतात आणि काम संपल्यावर मरू देतात. प्रेक्षकांनी त्या चित्रपटात शंभर वर्षांपूर्वीचे पाहिले आणि कालचेही.

२६/ मराठीत याच्या सर्वांत जवळ मला भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ वाटतो. २०१५ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. त्याआधी राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता. मेंढरे घेऊन भटकणारे धनगर कुटुंब, वनखात्याकडे गेलेली जमीन, न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणारा दावा आणि गावच्या सत्ताधाऱ्याशी पडलेली गाठ. शशांक शेंडे यांनी उभा केलेला बाप पाहा. मेजर सालिनासच्या जागी इथे फाइल आहे. या चित्रपटाला कोणी वेस्टर्न म्हटले नाही. पण मोकळे रान, चालती गुरेढोरे, जमिनीवरचा हक्क आणि शेवटी हातघाई हे सर्व त्यात आहे, आणि एकही गोष्ट उसनी नाही.

२७/ ज्याच्या खांद्यावर गोवाऱ्याची काठी आहे असा नायक मात्र मी अजून पडद्यावर पाहिलेला नाही. आपल्या झाडीपट्टीला नाटकाची कमतरता नाही. दंडार आहे, मंडईच्या रात्रीचे प्रयोग आहेत, शंकरपटाच्या गर्दीपुढे उभे राहणारे रंगमंच आहेत. पोदेस्ता कुटुंबाच्या रिंगणासारखी जागा आपल्याकडे आधीपासून तयार आहे. मला वीरपूजा नको आहे. लुगोनेसच्या देव्हाऱ्याचे काय झाले ते आपण पाहिले. मला हवी आहे ती फावियोच्या मोरेरासारखी गोष्ट, ज्यात माणूस चुकतो, वापरला जातो, आणि तरीही त्याला नाव असते.

२८/ पाहायचे असेल तर क्रम असा ठेवा : ‘नोब्लेसा गाउचा’, मग ‘पाम्पा बार्बारा’, मग ‘वे ऑफ अ गाउचो’, मग ‘ख्वान मोरेरा’. ‘द गाउचो’ केव्हाही, निव्वळ मौजेसाठी. आणि शेवटी ‘ख्वाडा’. प्रत्येक चित्रपटात गुरे दिसली की आबाजींचा प्रश्न विचारा.

२९/ दुसरे काम गावातले. तुमच्या गावचा आखर कुठे होता, कोंडवाडा कुठे आहे, आणि निस्तारपत्रकात चराईची कोणती जागा लिहिली आहे, हे तलाठ्याकडे आणि वडीलधाऱ्यांकडे विचारा. शेवटचा ढोरकी कोण होता, जनावरामागे त्याला किती धान मिळे, आणि ते काम कोणत्या वर्षी बंद झाले, हे लिहून ठेवा. बपेऱ्याची अशी वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर आबाजींनी सांगितलेली सतरा जनावरांची नावे आहेत, आणि प्रत्येक नावापुढे मालकाचे घर.